गोचीड गुरावर कमी, भिंतीत जास्त

४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावलला लंपी त्वचारोगाची गुरे आढळली आणि त्या वर्षीच्या महाराष्ट्रातल्या साथीची पहिली नोंद जळगाव जिल्ह्याच्या नावावर लागली. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर बंदी आली, शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना टोचली गेली. त्याच गडबडीत एक सूचना गावोगाव पोचली: गोठे फवारा, माश्या-डास-गोचिडी मारा. एरवी गोचीड दिसली की चिमटीत धरून उपटायची आणि वहाणेखाली चिरडायची, एवढाच तिचा विचार करणाऱ्या घरांत निदान एका पावसाळ्यापुरते गोठ्याच्या भिंतीकडे लक्ष गेले.

लंपीच्या बाबतीत गोचिडीला जरा जास्तच बदनाम केले गेले. तो रोग पसरवण्याचा मोठा वाटा चावणाऱ्या माश्यांचा आणि डासांचा. गोचिडीचा हातभार असला तरी दुय्यम. साथ ओसरली तसा फवारणीचा पंपही माळ्यावर गेला. पण गोचिडीचे स्वतःचे जे रोग आहेत, ज्यात माश्यांचा संबंध नाही, ते खान्देशात दर पावसाळ्यात येतात. त्यांना ना बंदी, ना भरपाई, ना पत्रकार परिषद.

जळगाव-धुळ्याच्या गोठ्यांत आणि अंगणांत प्रामुख्याने तीन प्रकारच्या गोचिडी भेटतात, आणि त्यांच्या सवयी वेगळ्या असल्यामुळे एकच उपाय तिन्हींना लागू पडत नाही. पहिली गुरांची निळसर गोचीड. शास्त्रज्ञ तिला ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस म्हणतात. हिचे पिल्लू एकदा गायीवर चढले की मोठे होऊन, रक्त पिऊन, टम्म फुगूनच खाली पडते. या सगळ्याला साधारण तीन आठवडे लागतात. दुसरी हायलोमा. तपकिरी अंग, पायांवर फिकट पट्टे, आणि चाल अशी की जमिनीवर दिसली तर ती तुमच्या दिशेने पळत येते. हिला आयुष्यात दोन-तीन यजमान लागतात आणि मधला काळ ती भिंतीच्या भेगांत काढते. तिसरी कुत्र्याची तपकिरी गोचीड. हिला गवत लागत नाही, रान लागत नाही. चार भिंती आणि एक कुत्रा पुरतो. कोंबड्यांच्या खुराड्यात आणखी एक असते, मऊ कातडीची, दिवसभर फटीत बसून रात्री रक्त पिणारी. सकाळी खुराडे पाहणाऱ्याला ती कधी सापडतच नाही.

जनावराच्या अंगावर दिसणारी गोचीड म्हणजे एकूण गोचिडींचा लहानसा हिस्सा. बाकीची अंडी, पिल्ले, कात टाकायला बसलेल्या, भुकेल्या, सगळ्या जागेत असतात. आपल्याकडची सगळी औषधे, सगळे पैसे आणि सगळा राग मात्र अंगावर दिसणाऱ्या गोचिडीवर खर्च होतो.

खात्री करायची असेल तर पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन जुन्या गोठ्यात जावे. मातीच्या विटांची भिंत, वर धाबे, गव्हाणीच्या मागे पोपडा सुटलेला. पोपडा काडीने उचकटला की आत एरंडाच्या बीएवढी, राखाडी, सुरकुतलेली मादी बसलेली दिसते, आणि तिच्या तोंडापुढे चकचकीत तपकिरी अंड्यांचा ढीग. निळसर गोचिडीची एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. हायलोमाची याहून जास्त. त्या अंड्यांतून निघालेली पिल्ले मोहरीच्या दाण्याहून बारीक, सहा पायांची, काही महिने उपाशी राहू शकणारी. खान्देशातला मे महिना, भुसावळचा पंचेचाळीस अंशांचा पारा, उघड्यावरच्या पिल्लांना भाजून काढतो हे खरे. पण त्याच उन्हाळ्यात मातीच्या भिंतीची भेग गार असते. धाब्याचे घर माणसाला ज्या कारणासाठी आवडते, त्याच कारणासाठी गोचिडीलाही आवडते.

आता रोग. गुरांमध्ये सगळ्यांत जास्त नुकसान करणारा थायलेरियोसिस. गावात त्याला सरसकट गोचीड ताप म्हणतात. तो हायलोमा पसरवते. ताप एकशे पाच-सहापर्यंत चढतो, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजते, दूध आटते, डोळ्यांच्या आतली लाली जाऊन पांढुरके दिसू लागते. बॅबेसियोसिसमध्ये लघवी कॉफीसारखी होते. दोन्हींवर औषधे आहेत, पहिल्यावर ब्युपार्वाक्वोन आणि दुसऱ्यावर डिमिनाझिन, पण वेळेत. थायलेरियोसिसची लसही भारतात बनते, रक्षाव्हॅक-टी नावाची. ती ज्यांच्यासाठी आहे त्या संकरित गायींच्या किती मालकांना माहीत आहे, हा वेगळा प्रश्न.

संकरित म्हटले ते मुद्दाम. जर्सी-होल्स्टीन रक्ताची गाय या रोगांना पटकन बळी पडते. गीर किंवा खिलार त्या मानाने टिकते. आखूड, घट्ट केस, सतत थरथरणारी कातडी आणि जिभेने अंग चाटून गोचीड काढायची सवय, या तिन्हींचा तो परिणाम. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका खंडातल्या उष्ण भागांत आपल्याकडची वशिंडाची गुरे नेली गेली त्यामागचे एक मोठे कारण हेच होते. साक्री-शिरपूरच्या बाजूने गीर गायी घेऊन फिरणारे काठेवाडी पशुपालक वर्षानुवर्षे उघड्यावर कळप ठेवतात, आणि त्यांच्या गायी डांबरी रस्त्याकडेच्या पक्क्या गोठ्यातल्या जर्सीपेक्षा निरोगी दिसतात. त्याचे निम्मे श्रेय जातीला आणि निम्मे, माझ्या मते, त्यांना भिंतच नसण्याला. कळप दर काही दिवसांनी हलतो. खाली पडलेली गोचीड मागे राहते. ज्या शेतकऱ्याने खतासाठी कळप शेतात बसवून घेतला, त्याच्या बांधावर ती राहते, हीसुद्धा याच व्यवहाराची दुसरी बाजू.

माणसांचे काय? इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे काहीच होत नाही असे समजणे. दुसरी म्हणजे अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेला लेख वाचून जळगावच्या डॉक्टरला लाइम रोगाची तपासणी करायला लावणे. लाइम हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातले गाव. तिथला रोग हरणांवरच्या वेगळ्या गोचिडीचा. हिरवळ कापा, पाचोळा झाडा, पँट मोज्यात खोचा हा सल्ला तिथल्या मराठी कुटुंबांना अगदी योग्य. आपले अंगण शेणाने सारवलेले किंवा फरशीचे, आणि आपली गोचीड गवतात कमी, भिंतीत जास्त. सातपुड्याच्या पायथ्याला गुरे चारणाऱ्यांनी किंवा लळिंगच्या कुरणात फिरणाऱ्यांनी मात्र संध्याकाळी कमरेभोवती, काखेत, गुडघ्यामागे आणि लहान मुलांच्या कानामागे केसांत जरूर तपासावे.

माकडतापाचीही भीती अधूनमधून उठते. तो १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्गात पोचला. त्याची गोचीड सह्याद्रीच्या ओल्या जंगलातली. खान्देशी माणसाने काजूच्या बागेत कामाला जायचे असेल तर ती काळजी करावी.

आपल्याकडे खरी काळजी करण्याजोगा आजार म्हणजे इंडियन टिक टायफस. जंतू रिकेट्सिया, वाहक मुख्यतः कुत्र्याची तपकिरी गोचीड. शेजारच्या अकोल्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी यांनी या तापाच्या मुलांवर बरेच काम केले आणि त्यावर २०१० मध्ये इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स या नियतकालिकात लिहिले. त्यामुळे वऱ्हाड-खान्देशच्या डॉक्टरांना आता सबब नाही. मूल चार-पाच दिवस तापते, अंगावर पुरळ येते, आणि ते पुरळ तळहात-तळपायांवरही असते. घराघरांत या तापाचा प्रवास ठरलेला: आधी मलेरियाची तपासणी, मग विडाल, मग डेंग्यूची, प्लेटलेट कमी आल्या की सलाइन. दरम्यान आठवडा जातो. औषध मात्र जुने आणि स्वस्त, डॉक्सीसायक्लिन. बहुतेक मुलांचा ताप दोन दिवसांत उतरतो. आठ वर्षांखालच्या मुलांचे दात पिवळे पडतील या भीतीने ते टाळले जायचे, पण थोड्या दिवसांच्या उपचाराने तसे होत नाही हे आता मान्य आहे आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे या तापात कोणत्याही वयाला तेच औषध सांगतात. विदर्भात २०१८ मध्ये गाजलेला स्क्रब टायफस याचा चुलतभाऊ. तो गोचिडीने नव्हे तर गवतातल्या बारीक कोळीवर्गीय किड्याच्या पिल्लांनी होतो, औषध तेच. पालकांनी करायची गोष्ट एकच: तापाच्या मुलाला घेऊन गेल्यावर घरात कुत्रा किंवा गुरे आहेत, गोचिडी दिसतात, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.

काँगो तापाबद्दल घाबरवायचे नाही, पण गप्पही बसता येत नाही. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादजवळच्या साणंद भागात तो भारतात पहिल्यांदा सापडला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केले. रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले. तो हायलोमातून येतो, जनावर स्वतः आजारी दिसत नाही, आणि २०२० मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने त्याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. खान्देशात आणि गुजरातेत फक्त एक सीमा आहे आणि ती गुरे रोज ओलांडतात. म्हणून ती जुनी सवय, गोचीड उपटून बोटांत फोडायची, ती सोडावी. चिमटा असेल तर चिमट्याने, नसेल तर हातावर प्लास्टिकची पिशवी घालून, कातडीला लागून धरावी आणि सरळ ओढावी. रॉकेल ओतणे, बिडीचा चटका देणे यांनी ती सुटते, पण सुटण्याआधी पोटातले जखमेत ओकू शकते. काढलेली गोचीड रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या डबीत टाकावी, हात धुवावेत. सालदाराला हे सांगताना डबीही त्याच्या हातात द्यावी. नुसते सांगून गोठ्यात काही होत नाही.

कानात गोचीड शिरण्याचा प्रकारही खळ्यात-गोठ्यात झोपणाऱ्यांत नेहमीचा. वेदना अशी की रात्रभर झोप नाही. काडी, पिन, किल्ली काहीही घालू नये. ती पडद्याजवळ चिकटलेली असते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे ते पाच-दहा मिनिटांचे काम आहे.

आता औषधांकडे. बाजारात डेल्टामेथ्रिन, म्हणजे बहुतेकांचे बुटॉक्स, आणि अमिट्राझ ही दोन मुख्य. १.२५ टक्क्यांचे डेल्टामेथ्रिन असो की १२.५ टक्क्यांचे अमिट्राझ, साधारण दोन मिली एका लिटर पाण्यात, पण शेवटचा शब्द बाटलीवरच्या कागदाचा. एका मोठ्या जनावराला अंग नीट भिजायला तीन-चार लिटर पाणी लागते. लोक अर्ध्या लिटरमध्ये पाठ ओली करतात आणि गोचीड बसलेली असते कानात, पोळीखाली, कासेच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी. औषध चालत नाही ही तक्रार निम्म्या वेळा इथून येते. उरलेल्या वेळा ती खरी असते: डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला न जुमानणाऱ्या निळसर गोचिडी देशाच्या अनेक भागांत सापडल्या आहेत. वर्षानुवर्षे तेच औषध, तेही पातळ करून मारले, की उरतात त्या दणकटच. दोन-तीनदा नीट फवारूनही गोचीड जिवंत असेल तर मात्रा वाढवायची नाही, औषधाचा गट बदलायचा.

मात्रा वाढवण्यावरून खान्देशातल्या सगळ्यांत वाईट सवयीवर येतो. घरात कपाशीवर मारायचे औषध असते. गोचिडीचे औषध तालुक्याला मिळते, हे कोनाड्यात आहे. मग मोनोक्रोटोफॉसचे झाकणभर पाण्यात टाकून बैलाला पुसले जाते. गाय अंग चाटते, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात, आणि पशुवैद्य अ‍ॅट्रोपिन घेऊन पोचेपर्यंत कधी कधी सगळे संपलेले असते. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीने माणसे मेली तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. गोठ्यात त्याच बाटल्यांनी मरणाऱ्या गुरांची बातमी होत नाही, कारण मालकाला ती सांगायची लाज वाटते. ही लाज सोडून पशुवैद्याला कोणते औषध लावले ते सांगितले तर जनावर वाचण्याची शक्यता असते. फिरत्या पशुचिकित्सालयासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचेही वेड वाढले आहे. एक सुई, गोचीड-जंत दोन्ही गेले, असे म्हणून दुभत्या गायीलाही ते दिले जाते. ते दुधात उतरते. दुभत्या जनावराला पशुवैद्याच्या सांगण्याशिवाय देऊ नये. शिवाय शेणातून बाहेर पडून ते शेणकिड्यांनाही मारते, आणि उकिरडा लवकर मुरत नाही. खताचा हिशेब करणाऱ्याने हाही करावा.

देशी उपायांवर माझा अविश्वास नाही, अंधविश्वासही नाही. लसूण, कडुनिंबाचा पाला, निंबोळी, वेखंड, हळद, घाणेरी आणि तुळशीचा पाला वाटून पाण्यात गाळून आठवड्याला लावायचा पाठ राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारात आणला आहे. यातली एकही वस्तू जळगावात विकत आणावी लागत नाही, वेखंड सोडल्यास. गोचीड कमी असताना हा उपाय संख्या आटोक्यात ठेवतो आणि दूध फेकावे लागत नाही. गायीच्या मानेचे कातडे दिसेनासे होईल इतक्या गोचिडी असताना निंबोळीवर भिस्त ठेवणे म्हणजे वेळ घालवणे.

कुत्र्यांची गोष्ट शहराची. जळगावच्या महाबळमध्ये किंवा धुळ्याच्या देवपुरात पाळलेला लॅब्राडोर आणि गल्लीतली भटकी कुत्री एकाच सावलीत बसतात. त्यातून एर्लिकिया होतो; लोक टिक फीवर म्हणतात. ताप, जेवण सोडणे, नाकातून रक्त, प्लेटलेटची घसरण. महिनाभर डॉक्सीसायक्लिन आणि खर्च. प्रतिबंधाला मानेवर टाकायचे फिप्रोनिल आहे, महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी आहे. गोळी महाग वाटते, पण रक्ततपासणी आणि सलाइनच्या एका फेरीपेक्षा स्वस्त. मांजर असेल तर कुत्र्याचे परमेथ्रिन तिला चुकूनही लावू नये. ते तिच्यासाठी विष आहे. आणि इथेही भिंतच: ही गोचीड वर चढते. पडद्याची घडी, स्विचबोर्डामागची पोकळी, छताचा कोपरा. कुत्रा न्हाऊन स्वच्छ आणि पंधरा दिवसांनी पुन्हा गोचिडी, हे ज्यांच्या घरी होते त्यांनी कुत्र्याकडे नव्हे, पलंगामागे पाहावे.

तेव्हा जागेचे काय करायचे? भेगा बुजवणे हे पहिले आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम. मातीच्या भिंतीला गिलावा, विटेच्या भिंतीला सिमेंट, वरून दाट चुना. पक्क्या गोठ्यात फटींवरून ज्योत फिरवता येते. कुडाच्या गोठ्यात, शेजारी पऱ्हाटीचा ढीग असताना, हा उद्योग करू नये. शेण आणि उरलेला चारा गोठ्याच्या भिंतीला लावून रचू नये, उकिरडा लांब असावा. गुरे फवारतो त्याच दिवशी भिंत माणसाच्या उंचीपर्यंत, गव्हाणीमागे, खुंट्याभोवती फवारावी. गव्हाणीतला चारा आधी काढून. आणि पंधरा ते एकवीस दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या फवारणीत अंड्यांना काही होत नाही. मोकळ्या कोंबड्या, मैना, गायबगळे हे फुकटचे सालदार. त्यांना हुसकू नये.

एवढे करूनही शेजारच्याने केले नाही तर सगळे पाण्यात. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये गुरांचा टेक्सास ताप गोचिडीतून पसरतो हे सिद्ध केले. किड्यामार्फत रोग पसरण्याचा तो पहिल्या पुराव्यांपैकी एक. त्यानंतर १९०६ ते १९४३ या काळात तिथल्या सरकारने जिल्ह्यामागून जिल्हा, सगळ्यांची गुरे ठरलेल्या दिवशी औषधी हौदातून काढून ती गोचीड जवळजवळ देशाबाहेर घालवली. शेतकऱ्यांनी विरोध केला, सरकारने सक्ती केली. आपल्याकडे तशी सक्ती होणार नाही, व्हावी असेही वाटत नाही. क्युबा-ऑस्ट्रेलियात गोचिडीविरुद्धची लस नव्वदच्या दशकात आली. आपल्या दुकानात ती नाही.

पण गावातली सगळी गुरे एकाच दिवशी धुतली जातात असा एक दिवस आपल्याकडे आधीपासूनच आहे, आणि तो गोचिडीच्या ऐन हंगामात येतो: पोळा. त्या दिवशी फवारू नये. बैल तापी-पांझरेत उतरतो आणि डेल्टामेथ्रिनचा अंश पाण्यात गेला तरी मासे मरतात. फवारणी पोळ्याच्या आधी चार-पाच दिवस, गोठ्यात, पाणी नाल्यात जाणार नाही अशा जागी. दुसरी त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, म्हणजे पितृपक्ष लागता लागता. ग्रामपंचायतीने दोन पंप आणि पशुधन पर्यवेक्षकाला एक दिवस मागितला तर लहान गाव सकाळच्या प्रहरात होते. अडचण एकच राहते. पोळ्याला बैल मोजले जातात. गायी, वासरे, शेळ्या आणि ओट्यावरचे कुत्रे त्या मोजणीत कुणी धरत नाही, आणि ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यात बैल नाही, तेच उरले आहेत.